पुतळीवरच्या अकरा रेघा

केतकीला पहिली मुलगी झाली, ते साल दोन हजार एकेचाळीस. पाडवा होऊन चार दिवस झाले होते आणि विट्यात ऊन असं तापलं होतं, की यंत्रमागाच्या कारखान्यांचे पत्रे दुपारी तडतडायचे. केतकीची आई शालन मुळीक हिनं त्याच कारखान्यांत तीस वर्षं माग चालवलेले. लेक बाळंतपणाला पुण्याहून आलेली, नात सुखरूप, बारसं पुढच्या रविवारी. शालनचे पाय जमिनीला लागत नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी तिनं सहाण धुतली, हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ ताटात मांडलं आणि कपाटातून पुतळी काढली.

पुतळी म्हणजे सोन्याचं नाणं. फार पूर्वी इटलीतल्या व्हेनिस शहरात पाडलेली ही नाणी व्यापाराच्या गलबतांतून आपल्याकडे आली. त्यांच्यावर माणसांच्या आकृत्या असतात, म्हणून आपल्या बायकांनी त्यांना पुतळ्या म्हटलं आणि माळेत ओवून गळ्यात घातलं. शालनच्या माहेरची, साळुंख्यांची, माळ कुठल्याशा दुष्काळात गेली. एक पुतळी तेवढी मागं राहिली, बाळगुटीसाठी. तिच्या वरच्या अंगाला तुटक्या कडीचा उंचवटा होता. तो चिमटीत धरायचा आणि खालची कड सहाणेवर उगाळायची. पाच-सहा पिढ्यांनी उगाळून ती कड नखभर सपाट झाली होती. ज्या घरी पाळणा हलेल त्या घरी पुतळी आणि तिची सहाण जोडीनं जायची, काम झालं की परत यायची. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, आणि ती कुणाकडे गेलीय हे कुणाला सांगायचं नाही, लेकराला नजर लागते म्हणून. हा साळुंख्यांचा रिवाज.

केतकी 'मोहोर' नावाच्या लिलावघरात कामाला होती. हे लिलावघर फोनवरचं. जगभरचे लोक तिथं घरबसल्या जुनी नाणी विकायचे, घ्यायचे आणि फसायचेही. तिच्याच तुकडीनं 'पारख' तयार केली होती, नाणं खरं की नक्कल ते फोनमधून सांगणारी. बाळ झोपलेलं, हात रिकामे, म्हणून तिनं गंमत म्हणून पुतळीवर फोन धरला. फोनच्या कडेनं उजेडाचे नऊ ठिपके एकामागून एक लुकलुकले आणि पडद्यावर अक्षरं आली : ओतीव नक्कल. याच मूळ नाण्याच्या आणखी छत्तीस नकला आजवर लिलावांत विकल्या गेल्या आहेत.

शालन हसायलाच लागली. "नक्कल? तुझ्या त्या यंत्राला सांग, ह्या पुतळीची गुटी चाटून तू एवढी झालीस."

केतकी हसली नाही. तिनं पुन्हा एकदा फोन धरला, मग नाणं उलटं करून धरलं. उत्तर तेच आलं.

पारखेचं शास्त्र केतकीनं आईला पूर्वीही समजावलं होतं, पण आज शालननं ते पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. टाकसाळीत एकाच ठशानं हजार नाणी पाडली, तर हजारांवर चित्र सारखंच येतं. पण नाणं एकदा बाहेर पडलं की ते हजार हातांतून जातं, पडतं, घासतं, आणि त्याच्या अंगावर चरे उमटतात. हे चरे म्हणजे नाण्याच्या बोटांचे ठसेच. दोन खऱ्या नाण्यांवर ते कधीच एकसारखे नसतात. फसवणारा मात्र खऱ्या नाण्याचा साचा घेतो आणि साच्यात चित्राबरोबर चरेही उतरतात. त्यातून दहा नकला काढल्या तर दहांवर तेच चरे. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाहीत. नवे फोन नऊ बाजूंनी तिरपा उजेड टाकतात, सावल्या मोजतात आणि केसाच्या शंभराव्या भागाइतकी खोली वाचतात. पारखेनं गेल्या वीस वर्षांतल्या सगळ्या लिलावांचे फोटो पोटात घेतले होते. ओतलेलं सोनं थंड होताना किंचित आकसतं, म्हणून नक्कल मूळ नाण्यापेक्षा लहान असते आणि नकलेची नक्कल त्याहून लहान. त्या मापावरून यंत्र पायरी-पायरीनं मागं जायचं आणि सगळ्या नकलांची आई कुठलं नाणं, ते सांगायचं.

त्या वर्षी या यंत्रानं घराघरांत भांडणं पेटवली होती. लोक सणाची नाणी, माळेतल्या पुतळ्या फोनखाली धरायचे. निम्म्या घरांतून कुठल्या तरी काळातल्या नकला निघायच्या, आणि मग सुना सासवांकडे, भाऊ भावांकडे बघायचे. शालननं असल्या गोष्टी चवीनं ऐकल्या होत्या. आता गोष्ट तिच्याच ताटात येऊन पडली होती.

केतकीनं आणखी एक केलं. लिलावांत गेलेल्या नकलांचे फोटो काढले. त्या छत्तीसही पुतळ्यांची खालची कड सपाट होती. विकणाऱ्यांनी लिहिलं होतं, 'प्राचीन सराफांच्या कसोटीची खूण'. मग तिनं घरची सहाण फोनखाली धरली. दगडाचे कण सोन्यावर रेघा ओढतात आणि प्रत्येक दगडाचे कण निराळे. बंदुकीची नळी गोळीवर खूण सोडते, तसंच हे. यंत्रानं छत्तीस नकलांच्या कडेवरच्या रेघा आणि ही सहाण ताडून पाहिली. जुळणी शंभरात एक्याण्णव.

"आई, मूळ पुतळी आपल्याच सहाणेवर झिजलीय," केतकी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. दोन वर्षं तिची तुकडी या छत्तीस नाण्यांच्या आईचा शोध घेत होती. व्हेनिसचा एक प्रमुख जेमतेम काही दिवस गादीवर होता, त्याच्या नावाची ही पुतळी. जगात फार थोड्या उरलेल्या. म्हणूनच कुणीतरी आपली काढून घेतली होती आणि तिच्या जागी नक्कल ठेवली होती.

कुणी, हे शालनला विचार करायची गरजच पडली नाही. पुतळी घरापासून लांब गेली होती एकदाच, दोन हजार एकोणतीस साली. तिच्या थोरल्या भावाला, हिंदुराव साळुंख्यांना, नातू झाला तेव्हा. हिंदुराव गलाईवाला. त्या भागातली कितीतरी माणसं गलाईसाठी देशभर पांगलेली, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचा धंदा. हिंदुरावांचं दुकान तमिळनाडूत सेलमला, आता ते मुलगा चालवत होता. दुकानात भट्टी होती, मूस होती, आणि चाळीस वर्षांचा हात होता.

शालननं तिथल्या तिथं फोन लावला. केतकीनं खुणेनं थांब म्हटलं, तोवर ती बोलून बसली होती. नातीच्या तोंडात तू नकलेचं सोनं घातलंस, आईच्या पुतळीचा साचा काढताना हात कसा चळला नाही, असं काहीबाही. पलीकडे बराच वेळ नुसता खोकल्याचा आवाज आला. आयुष्यभर तेजाबाची वाफ ओढलेली छाती ती.

"परत देताना मी कस लावला हुता," हिंदुराव म्हणाले. "सोनं चोख हुतं. तुला दिलं ते तेच." आणि त्यांनी फोन ठेवला.

यानंतर केतकीनं जे सांगितलं, त्यानं शालनचा राग जागच्या जागी गोठला. पारखेनं एकदा पाहिलेलं पुसता येत नाही. नकलांच्या आईचं घर सापडलं ही नोंद आपोआप झाली होती आणि साचा कुणी काढला ते नाव केतकीनं आठ दिवसांत लिहायचं होतं. पुराव्यानिशी लिहिता आलं नाही, तर त्या काळात नाणं ज्याच्या ताब्यात होतं त्याचं नाव यंत्र स्वतःच लावणार. ते लागलं की जगातलं प्रत्येक लिलावघर, प्रत्येक सराफा बाजार त्या नावाला दार लावतो. सेलमचं दुकान हिंदुरावांच्याच नावावर होतं. मुलाचं, नातवाचं पोट त्याच्यावर. आठवा दिवस म्हणजे बारशाचा दुसरा दिवस.

"पण केलंय त्यानंच," शालन म्हणाली.

"मग तुझा आवाज का बसलाय?" केतकीनं विचारलं.

शालननं फोन घेतला आणि त्या छत्तीस नकलांच्या कडा मोठ्या करून बघत बसली. एक झाली की दुसरी. चहा निवून गेला. मागावर उभ्या राहिलेल्या बाईला चार हजार धाग्यांतला तुटका धागा चालता-चालता दिसतो. तो डोळा पन्नाशीनंतर कमी होतो म्हणतात, पण जात नाही. सातव्या नकलेवर तिचं बोट थांबलं.

"केतके, हे बघ. खालच्या रेघा गोल हायत. आपण गुटीचे वळसे घालतो, एक वळसा, दोन वळसे. आईचा हात गोल, माझा गोल, वहिनीचा गोल. पण ह्या वरच्या बघ. सरळ हायत. पुढं-मागं, पुढं-मागं."

केतकी बाळाला मांडीवर घेऊन सरकत आली. पारखेनं सगळ्या रेघा एकाच गठ्ठ्यात घेतल्या होत्या. कारण यंत्राला शिकवणाऱ्यांपैकी कुणाला बाळगुटीचे वळसे माहीतच नव्हते. केतकीनं यंत्राला सांगितलं, सरळ रेघा वेगळ्या काढ आणि वर कुठली, खाली कुठली ते लाव. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं नंतरची रेघ आधीचीला कापून जाते, त्यावरून क्रम लागतो. मिनिटभरात उत्तर आलं. सरळ रेघा अकरा. सगळ्या गोल रेघांच्या वर. आणि त्या ओढणारा दगड दुसराच, भरड कणांचा. छत्तीसही नकलांवर त्याच अकरा रेघा, म्हणजे साचा निघण्याआधी मूळ पुतळी दुसऱ्या कुठल्या तरी घरात दुसऱ्या सहाणेवर उगाळली गेली होती.

"आणि ही बाई धार लावणाऱ्या घरातली हाय," शालन म्हणाली. "कोयत्याला धार लावतात ना, तसा हात हाय हा."

केतकीला बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी बाहेर पडता येत नव्हतं. तिनं आपला फोन आईच्या हातात दिला, उजेड कसा घ्यायचा, हात किती वर धरायचा ते तीनदा घोकून घेतलं. शालननं पायात चप्पल सरकवली ती उलटसुलट.

हिंदुराव गावीच होते, विट्यापासून अर्ध्या तासावर. अंगणात खाटेवर बसलेले. बहिणीला बघून त्यांनी तोंड फिरवलं. शालन उभ्या-उभ्याच बोलली. माफी मागायला वेळ नव्हता आणि तिला ती नीट येतही नव्हती. तिनं फक्त विचारलं, पुतळी तुझ्याकडं असताना ती कुणाच्या पाळण्याला गेली होती.

हिंदुराव म्हणाले, ते सांगायचं नसतं.

"दादा, बारा वर्षं झाली. त्या लेकराला मिसरूड फुटायला आलं असंल. आता कसली नजर लागतीय?"

शेवटी नाव आलं. जालिंदर कणसे. सेलमच्या दुकानात भट्टीवर असलेला पोरगा. त्याला मुलगा झाला तेव्हा त्यानं पंधरा दिवसांसाठी नुसती पुतळी मागून नेली होती. ती परत आल्यावर घरच्या सहाणेवर गोल वळसे पुन्हा चालू झाले होते; नकलांवर सरळ रेघांच्या वर ते नव्हतेच, म्हणजे मूळ परत आलीच नव्हती. पुढं तो दुकान सोडून कराडला गेला, आणि जुन्या नाण्यांत त्यानं चांगलं बस्तान बसवलं, असं हिंदुरावांच्या कानावर होतं. त्याची बायको कुठली, असं शालननं विचारलं. बीडकडची, ऊसतोड्यांची पोर, हिंदुराव म्हणाले. मग बहिणीच्या तोंडाकडं बघून ते खाटेवरून उठलेच.

कराडला जाणारं बिनड्रायव्हरचं वडाप, म्हणजे वाटेवरची माणसं भरून नेणारी गाडी, चौकात उभं होतं. त्यात आठ माणसं बसतात आणि बारा बसली की ते स्वतःहून निघत नाही, चार उतरा म्हणून सांगत राहतं. शालननं चौघांना उतरवलं. हिंदुराव पुढच्या सीटवर बसले, ती मागं. वाटभर त्यांनी बहिणीशी एक शब्द काढला नाही. एकदा नुसतं म्हणाले, गाडीला, की जरा पळीव. गाडीनं वेगमर्यादा सांगितली.

जालिंदरचा बंगला कृष्णेच्या अलीकडं, दोन मजली. त्यानं दार उघडलं आणि वाकून नमस्कार केला. मालक, तुम्ही कसं काय, आधी पाणी घ्या. हिंदुराव सोफ्यावर टेकले आणि खोकत राहिले. शालन थेट आत गेली. बाईमाणूस बाईमाणसाला भेटायला स्वयंपाकघरात जातं, त्याला कोण अडवणार?

जालिंदरची बायको विमल भाकरी थापत होती. ओळख निघताच तिचा चेहरा उजळला. शालनअक्का, तुमच्याच घरची ना ती पुतळी, म्हणाली. मालकांनी एका शब्दानं दिली. पोरगं सातव्या महिन्यातलं, जगंल का न्हाई असं हुतं. पहिल्याच दिशी मीच उगाळली, मग ह्यांनी नीट ठेवतो म्हणून कपाटात ठिवली. बोलता-बोलता तिनं फडताळातून सहाण काढली. भरड, काळी, मधे खोलगट. माहेरची, म्हणाली, कोयत्याच्या धारेचाच दगड हुता, कापून सहाण केली.

शालनच्या हातात फोन तयार होता. नऊ ठिपके लुकलुकायला दोन क्षण पुरले असते. पण तिचा हात उठेना. सकाळी तिनं एकदा विचार न करता तोंड उघडलं होतं, तेवढं त्या दिवसाला पुष्कळ झालं होतं. तिनं विमलला सगळं सांगितलं. छत्तीस नकला, अकरा रेघा, आठ दिवस.

"ह्या दगडाचा मी फोटो घेतला तर तुझ्या घराचं काय हुईल, मला सांगता येत न्हाई," ती म्हणाली.

विमलनं पिठाचे हात पदराला पुसले. "आन् न्हाई घेतला तर?"

"तर दादाचं नाव लागंल."

बाहेरून खोकला ऐकू येत होता आणि त्यावर जालिंदरचा गोड आवाज. त्याला अजून वाटत होतं, मालक सहज आलेत. विमल दारातून तिकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी तिनं गॅस बंद केला. मग सहाण उचलली, खिडकीखालच्या ओट्यावर ठेवली आणि बाजूला झाली.

"उजेड हितं चांगला हाय," ती म्हणाली.

जुळणी शंभरात चौऱ्याण्णव. विट्यात केतकीनं आईच्या फोनवरून पुरावा जोडला, नाव लिहिलं. पाव तासही झाला नसेल. बाहेर जालिंदरचा फोन वाजला. मग परत वाजला. मग वाजतच राहिला. लिलावघरांत वेगवेगळ्या नावांनी त्यानं उघडलेली नऊ दुकानं एकामागून एक बंद होत होती. आणि प्रत्येक बंद होणारं दुकान इमानदारीनं कळवत होतं. चौथ्या वेळी त्यानं फोन उलटा ठेवला. सहाव्या वेळी तो खुर्चीत बसला.

"मालक, मी तुम्हाला गुंजभरबी कमी दिलं न्हवतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सोन्याला सोनं दिलं हुतं."

हिंदुरावांनी मान हलवली. "म्हाईत हाय. कस मीच लावला हुता." थोडं थांबून, त्याच्याकडं न बघता ते म्हणाले, "आमची जात धातू बघणाऱ्याची रं. मुशीत पयला ठसाच जातो. त्याच्याकडं कोण बघतंय?"

परतीच्या वडापात हिंदुराव मागच्या सीटवर बसले, शालनच्या शेजारी. बोलले मात्र नाहीतच.

रविवारी बारसं झालं. हिंदुराव आले, केतकीच्या डोक्यावर हात ठेवला, जावयाशी बोलले, व्याह्यांची चेष्टा केली. शालनशी नाही. तिनं तीनदा चहा नेऊन दिला, तिन्ही वेळा त्यांनी घेतला, एवढंच. पाळणा झाला, मुलीचं नाव रेवा ठेवलं. गुटीची वेळ झाली तेव्हा सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नकलेची पुतळी ताटात पडून होती. कुणीतरी म्हणालं, दुसरं काहीतरी सोनं घ्या. हिंदुरावांनी ती नक्कल उचलली, बोटांत फिरवली. बारा वर्षांत तिच्या कडेवर सात लेकरांचे वळसे पडले होते आणि ते सगळे खरे होते, हे केतकीनं सकाळीच पारखेत पाहिलं होतं.

"शाले," ते म्हणाले, "सहाण आण."

तिनं आणली. त्यांनी स्वतः दोन वळसे घातले, गोल. मग पुतळी तिच्या हातात दिली.

मूळ पुतळी परदेशातल्या एका संग्राहकाकडं निघाली. कोर्टकज्जे करून ती डिसेंबरात घरी आली. जालिंदरला शिक्षा झाली. विमल कराडचा बंगला सोडून मुलाला घेऊन विट्यात राहायला आली आणि शालननं तिला ओळखीच्या कारखान्यात लावून दिलं. पुतळी आली त्या दिवशी हिंदुरावांनी खिशातून कसोटीचा दगड काढला, आधी मूळ घासली, मग नक्कल. दोन्ही रेघा उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, सारख्याच हायत. पारखेनं काय सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही. रेवाचं उष्टावण जानेवारीत झालं, तिला खीर मामाआजोबांनीच भरवली.

हिंदुराव साळुंखे नऊ फेब्रुवारी दोन हजार बेचाळीस रोजी सकाळी आठ वाजता गावी, राहत्या घरी वारले. त्यांचं वय बहात्तर होतं.